बर्फाखालची साखर

गुलमर्गला पहिल्या सकाळी मी कुणालाच स्की बांधू देत नाही. हातात फावडं देतो आणि सपाटीजवळच्या छोट्या सुरक्षित उतारावर खड्डा खणायला लावतो, थेट जमिनीपर्यंत. पुण्या-मुंबईची मुलं कुरकुरतात. सह्याद्रीत पायाखाली कातळ असतो. त्याच्यावर विसंबायची पायांना सवय झालेली असते.

खड्ड्याची एक भिंत ताशीव झाली की तिच्यावरून वरून खाली बोटं फिरवायची. वर भुसभुशीत बर्फ, मग वाऱ्याने दाबलेली टणक लादी आणि तळाशी बोट सरळ आत जातं. तिथला बर्फ मुठीत घेतला तर जाड्या साखरेसारखा सरसर गळतो, गोळा होतच नाही. सुरुवातीला थोडासाच बर्फ पडून मग चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मिरातल्या सर्वांत कडक थंडीच्या काळातल्या, निरभ्र रात्री लागल्या की असं होतं. जमीन शून्य अंशाच्या आसपास, वरची हवा उणे १०. मधल्या पातळ थरातून वाफ वर चढत राहते आणि कण एकमेकांना धरेनासे होतात. पुढे त्यावर दोन-तीन फूट बर्फ बसला की अख्खी लादी साखरेवर टेकलेली असते. ती सुटायला एका माणसाचं वजन पुरतं.

मग ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा बर्फाचा खांब कापायचा, वर फावडं ठेवायचं आणि थापा मारायच्या: १० मनगटातून, १० कोपरातून, १० खांद्यातून. एका वर्षी तेराव्या थापेला वरचा भाग टेबलाच्या खणासारखा सुळकन पुढे आला. अफरवट डोंगराच्या ज्या उतारावर जायचं होतं त्याचा कोन ३६ अंश. लाद्या बहुतेक ३० ते ४५ अंशांतच सुटतात. आम्ही मागे फिरलो. आकाश निळंशार होतं आणि एका मुलाची सुट्टी दुसऱ्या दिवशी संपत होती. त्याचा चेहरा अजून आठवतो. खांब तुटला नाही तरी ती परवानगी मी मानत नाही, कारण दहा पावलांवर थर वेगळे असू शकतात.

लादी सुटून हिमस्खलनात गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा जगतो. पुढे आशा झपाट्याने मावळते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर पोचत नाही, शोधायचं ते सोबत्यांनीच. म्हणून हिवाळी सहलीचे पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा: प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारं संदेशयंत्र), पाठपिशवीत प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं असणार का? ते वापरण्याचा सराव करून घेणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका.