शून्यालाही मान असतो

बालदोस्तांनो, एक गंमत सांगतो. १८५६ साली एव्हरेस्टची उंची जाहीर झाली : २९,००२ फूट. शंभराहून जास्त मैलांवरून दुर्बिणीतून कोन मोजायचे आणि मग कागदावर आकडेमोड! राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञाचा त्यात मोठा वाटा होता. असं सांगतात, की सरासरी उत्तर बरोब्बर २९,००० आलं होतं. पण लोक म्हणतील, ‘हा तर नुसता अंदाज!’ म्हणून सर्वेक्षणाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी त्यात दोन फूट वाढवले.

बिचारी शून्यं! मोजून आलेली असूनही त्यांच्यावर कुणाचा विश्वास नाही. २९,००० मधली शून्यं मोजलेली आहेत, की फक्त जागा भरायला बसली आहेत, हे नुसतं पाहून कळत नाही. मोजमापातल्या ज्या अंकांवर भरवसा ठेवता येतो, त्यांना ‘सार्थ अंक’ म्हणतात. त्यातला शेवटचा अंक थोडा अंदाजाचा असतो, एवढंच.

नियम सोपे आहेत. १ ते ९ हे अंक नेहमीच सार्थ. दोन अंकांच्या मधलं शून्यही सार्थ. म्हणून ५०७ मध्ये तीन सार्थ अंक. सुरुवातीची शून्यं मात्र मोजायची नाहीत, ०.००४ मध्ये एकच. पण २.५० मीटर लिहिलंत, तर ते शेवटचं शून्य सार्थ! ‘मी सेंटिमीटरपर्यंत मोजलंय बरं का,’ असं ते सांगतं.

परवा माझ्या भाचीने खोली मोजली. लांबी ३.४ मीटर, रुंदी २.७ मीटर. कॅल्क्युलेटर म्हणाला, ९.१८ चौरस मीटर. तिने तेच वहीत उतरवलं. मी म्हटलं, ‘‘अगं, ३.४ म्हणजे ३.३५ ते ३.४५ मधलं काहीही असेल. रुंदीचंही तसंच. मग क्षेत्रफळ ८.९ पासून ९.५ पर्यंत कुठेही असू शकतं. तुझा तो ८ आला कुठून?’’ गुणाकार-भागाकारात ज्या संख्येत सर्वांत कमी सार्थ अंक असतील, तेवढेच उत्तरात ठेवायचे. म्हणून उत्तर ९.२.

अंक कमी करताना पुढचा अंक ५ किंवा जास्त असेल तर एक वाढवायचा, नाहीतर तसाच ठेवायचा. पण हे एकदाच, अगदी शेवटी! २.३४६ चे दोन सार्थ अंक हवेत, तर उत्तर २.३. आधी २.३५ केलंत आणि मग २.४, तर फसलात.

यात एवढं काय बिघडतं, असं वाटतंय? ऐका. माझ्या लहानपणी ९८.६ हा आकडा आमच्या घरात पोलिसासारखा वागायचा. पारा ९८.८ वर दिसला, की खेळ बंद, अंघोळ बंद, ताटात मऊ भात! आईचा चेहरा काळजीने उतरायचा. हा आकडा आला कुठून? १८६८ साली कार्ल वुंडरलिख या जर्मन डॉक्टरांनी शरीराचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितलं. त्याचं फॅरनहाइट केलं, तर होतात ९८.६. दोन सार्थ अंकांचे झाले तीन! पूर्ण अंशापर्यंतचं ३७ म्हणजे ३६.५ ते ३७.५, फॅरनहाइटमध्ये ९७.७ ते ९९.५. शिवाय तापमान माणसामाणसात आणि सकाळ-संध्याकाळीही बदलतं. म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या त्या ६ ला घाबरण्यात अर्थच नव्हता.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे. जाहिरातीत ‘९७.३८ टक्के’ असं दिसलं, की विचारा : किती जणांना विचारून काढलं? शंभर जणांना विचारून ३८ शतांश निघतच नाहीत!

२०२० साली एव्हरेस्टची नवी उंची जाहीर झाली : ८८४८.८६ मीटर. सहा सार्थ अंक! उपग्रहांच्या मदतीने मोजल्यामुळे ते लिहिण्याचा हक्क मिळाला. तुम्हीही वहीत अंक लिहिण्याआधी त्याला विचारा, ‘तू मोजून आलास, की नुसताच?’