मुंग्यांची साखर

चातुर्मासात आईचा एक नेम असतो. पूजा आटोपली की ती चिमूटभर साखर आणि कणीक घेऊन परसात जाते आणि मुंग्यांना घालते. सोयगावच्या आमच्या घरामागे प्राजक्त आहे. त्याच्या बुंध्याशी ती अनवाणी बसते. मुंग्यांच्या जातीची चौकशी तिने कधी केली नाही. पुण्य करताना पंक्तिप्रपंच कशाला?

यंदा श्रावणात तिचे पाय चेपताना मला घोट्यांपर्यंत लाल फोड दिसले. "अगं, हे काय?" मी विचारले, तर तीच वाकून बघू लागली. मधुमेहाने तिच्या पावलांना संवेदना उरलेली नाही. ज्या दंशाने धडधाकट माणूस थयथय नाचेल, तो तिला कळलाच नव्हता. अशा पायाला झालेली जखम चिघळली तर काय होते, ते डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन सांगितले. अनवाणी परसात जाणे बंद झाले. पुण्य करताना पायांत चपला घालायला आई तयार होईना. तेव्हा नेमच मोडला, आणि तिचे जेवणही निम्म्यावर आले.

मुक्ताबाईच्या मुंगीवर मी वर्गात तासभर बोलू शकतो. परसातली मुंगी मी कधी वाकून पाहिली नव्हती. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने हातात भिंग दिले. एकाच रांगेत लहानमोठ्या तांबूस मुंग्या चालल्या होत्या. मोठ्यांची डोकी अशी चौकोनी आणि बोजड, की हमालाच्या डोक्यावर ट्रंक ठेवावी! बुंध्याशी भुसभुशीत मातीचा ढीग होता. त्याला काडी लावताच त्या काडीवरून थेट माझ्या हाताकडे धावल्या. जबड्याने कातडी धरायची आणि मागच्या नांगीने विष सोडायचे, ही त्यांची रीत. एखाद्याला त्या विषाने धापही लागते. मग घरगुती लेप लावत न बसता तडक दवाखाना गाठावा.

शास्त्रात हिला सोलेनॉप्सिस जेमिनाटा म्हणतात. एरवी फायर अँट. मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकात आकापुल्कोहून मनिलाला जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून ती आशियात उतरली. "मिरचीही तिकडचीच," सहकारी म्हणाले. असेल, पण मिरचीला आपण हौसेने घरात घेतले.

मी आधी उकळते पाणी ओतले. वरच्या मुंग्या मेल्या, प्राजक्ताची मुळे भाजली, आणि चौथ्या दिवशी दोन हातांवर नवा ढीग! राणी खोल, सुखरूप होती. रॉकेल ओता म्हणणारे शेजारीही भेटले. त्यांच्या परसात झाड नाही.

शेवटी उपाय निघाला तो साखरेचाच. शंभर भाग साखरपाण्यात एक भाग बोरिक पावडर. जास्त घातली तर कामकरी मुंगी वाटेतच मरते. थोडी असली तर ती घोट पोटात घेऊन घरी जाते, तोंडाने तोंडाला भरवते, आणि तो घोट राणीपर्यंत पोहोचतो. हे भरवणे ऐकून मला कसेसेच झाले. तरीही मी कापसाचा बोळा भिजवला, भोके पाडलेल्या डबीत घालून झाकण घट्ट लावले, म्हणजे पोरे-मांजरे हात घालणार नाहीत. दर दोन दिवसांनी ताजे पाणी. महिन्याभराने ढीग ओस पडला.

पहिल्या दिवशी मी डबी ठेवून आलो, तेव्हा आई मागच्या दारात उभी होती.

"मुंग्यांना काय घातलंस रे?"

"साखर," मी म्हणालो.

"बरं झालं हो," ती म्हणाली, "माझा नेम तू चालवलास." आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.