मूर्तिजापूरपर्यंत मांडीवर लॅपटॉप

शनिवार, रात्र. सकाळी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. तिथल्या प्राध्यापकांना ऑनलाइन वर्ग चालवायचं मूडल सॉफ्टवेअर शिकवायचं होतं. पोचलो तर प्रोजेक्टरची वायर कपाटात आणि किल्ली घेतलेला शिपाई लग्नाला गेलेला! मग आठ-दहा जण माझ्याच लॅपटॉपभोवती खेटून बसले.

आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल लावली. दहा-दहा मिनिटांची, मराठी आवाजातली. थोडं बघायचं, थांबवायचं, तेच आपल्या हातानं करायचं. निवृत्तीला आलेल्या एका सरांनी माउस धरला तो खडूसारखा, तीन बोटांत. पहिली प्रश्नमंजूषा तयार झाली तसे म्हणाले, "जमून राह्यलं ना बाप्पा!"

ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारी व्यासपीठ 'स्वयम्' तर २०१७ मध्येच आलं. त्याची परिपत्रकं आम्ही इमानदारीनं फायलीला लावली. खरा चटका दिला २०२० च्या टाळेबंदीनं. दर्यापूरकडची एक पोरगी शेताच्या धुऱ्यावर उभी राहून तास ऐकायची. "सर, आवाज कटून राह्यला." तिच्यासाठी मी नुसता आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकू लागलो, व्हिडिओ नाही, डेटा कमी. हे काही कुठल्या परिपत्रकात नव्हतं.

पुढल्या शनिवारी परत अकोला. वायर घरूनच नेतो.