हाताबाहेर

काही शब्दप्रयोग असे असतात, की ते एकदा उच्चारले म्हणजे पुढे विचार करण्याची गरजच उरत नाही. ‘पोरगी हाताबाहेर गेली’ हा त्यांतलाच एक. आमच्या चाकुरात तो अधूनमधून कानी पडतो. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असते; उलट बोलते, शाळा चुकवते, नाहीतर एकदा घर सोडून गेलेली असते. मला मात्र एक वेडगळ प्रश्न पडतो : कोणाच्या हाताबाहेर? आणि तो हात तिच्या पाठीवर होता की मानेवर?

हा प्रश्न माझ्या मागे लावून दिला तो एका मुलीने. आठवड्यातून एकदा मी लातूरची एस.टी. धरून मुलींच्या एका निवासी संस्थेत शिकवायला जात असे. तिथे ती भेटली. तिचे नाव सांगत नाही; अशा मुलींची ओळख उघड करायला कायद्याचीही मनाई आहे. आईबाप ऊसतोडीला जाणारे. मुकादमाची उचल फेडायला टोळीबरोबर निघायचे, तर वयात आलेली पोर कोपीवर सांभाळायची कशी? म्हणून चौदाव्या वर्षीच तिचे लग्न उरकलेले. सासरहून ती दोनदा पळाली. शेवटी बालकल्याण समितीने तिला इथे धाडले.

पहिला महिना ती कोणाशी बोलली नाही. रात्री उशीखाली भाकरी दडवून ठेवायची. सगळ्या मुली गृहमातेला मावशी म्हणत. मावशींनी ती भाकरी कधी काढून घेतली नाही. एके सकाळी त्यांनी कोठीची किल्लीच तिच्या हाती दिली! त्यानंतर उशीखाली भाकरी सापडली नाही.

गणिताचे नाव काढले की ती पाटी पालथी घाली.

“मला काय बी येत न्हाई, बाई.”

“मोळ्या मोजता येतात?”

तिने माझ्याकडे पाहिले ते असे, की जणू अडाणी मीच! गाडीत मोळ्या किती, वजन किती भरले, उचल किती फिटली, सारा हिशेब तिच्या बोटांवर होता. त्या मोळ्यांवरून आम्ही त्रैराशिकापर्यंत पोहोचलो.

ही रीत काही नवी नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. पुढे दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली आणून केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अक्षरांबरोबर छापखाना, विणकाम, शेती शिकवली. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने पोरक्या झालेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाने नळदुर्गला ‘आपलं घर’ उभारले. आधी घर, मग हाताला काम आणि पुस्तक. क्रम असाच लागतो.

दिवाळीच्या तोंडावर तिचे वडील आले. “सासरची माणसं थांबायला तयार न्हाईत. पोरीला न्यायला आलोय,” म्हणाले. मावशींनी शांतपणे सांगितले, की समितीच्या हुकुमाशिवाय तिला पाठवता येत नाही. मुलगी चहा घेऊन आली आणि कप पुढे करीत म्हणाली, “दहावी झाल्याबिगर मी येत न्हाई, दादा.”

ते बराच वेळ गप्प बसले. मग पुटपुटले, “आता मुकादमाला काय सांगू? लग्नाला उचल त्याचीच घेतली.”

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की ज्या हाताबाहेर पोर गेली होती, तो हातच दुसऱ्याच्या मुठीत होता. निघताना कोयत्याने घट्टे पडलेला तोच हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. तीही त्याखालून सरकली नाही.