शिस्तीचा कस

मोरारजी देसाई यांचे नाव निघाले की सराफी पेढ्यांवरील जुन्या पिढीला १९६३ साल आठवते. त्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास मनाई झाली. चीनशी झालेल्या युद्धानंतर परकीय चलन वाचावे, सोन्याची चोरटी आयात थांबावी, हा अर्थमंत्री मोरारजींचा हेतू होता. हेतू प्रामाणिक असला तरी अनेक सुवर्णकारांच्या घरची चूल त्यामुळे विझली. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला.

१८९६ मध्ये वलसाडजवळच्या भदेली गावी जन्मलेल्या या माणसाने स्वतःलाही कधी सूट दिली नाही. १९३० मध्ये त्यांनी डेप्युटी कलेक्टरची नोकरी सोडली आणि तुरुंगवास पत्करला. आहारविहाराचे नियम त्यांनी अखेरपर्यंत पाळले. परंतु स्वतःला जमले ते सर्वांना जमावे, हा आग्रह त्यांच्या कारभारातही उतरला. ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळ्या चालल्या. हुतात्मा चौकाला ते विसरता येत नाही.

पुढे सत्तेचा कठोर हात त्यांच्याच खांद्यावर पडला. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू होताच वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांना अटक झाली आणि सुमारे एकोणीस महिने स्थानबद्धतेत काढावे लागले. मार्च १९७७ मध्ये ते पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारच्या काळात १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती झाली. केवळ ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण दाखवून आणीबाणी लादता येणार नाही, त्यासाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा आणि आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित होणार नाही, असे ठरले. हाती सत्ता असताना तिलाच बांध घालणारे सरकार विरळा. जुलै १९७९ मध्ये बहुमत सरताच त्यांनी राजीनामा दिला.

घरातील कर्ता पुरुष वा पेढीचा मालकही रोज नियम करीत असतो. तो स्वतः ते पाळतो, एवढ्याने त्याचे काम संपत नाही. त्या नियमाची झळ कोणाला किती बसते, हे त्याने विचारले पाहिजे. आणि आपल्या अधिकाराची सीमाही आपणच आखून घेतली पाहिजे. मोरारजींच्या आयुष्यातील पहिला प्रश्न अनुत्तरित राहिला. दुसऱ्याचे उत्तर त्यांच्या काळातील घटनादुरुस्तीत सापडते.