बोट न लावता

छोट्या आगगाड्यांचा छंद असलेल्या माणसाचे कौशल्य जोखावयाचे असेल, तर त्याने मांडलेले डोंगर, बोगदे आणि स्थानके पाहू नयेत. त्याच्या उजव्या हाताची तर्जनी पाहावी. गाडी मध्येच अडली, की ती तर्जनी नकळत पुढे होते आणि इंजिनाला हलकासा धक्का देते. गाडी पुन्हा चालू लागते खरी. पण पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढील सारा देखावा त्या एका धक्क्यासरशी ढासळतो. क्षणापूर्वी जी एक्स्प्रेस दऱ्याखोरी ओलांडून धावत होती, ती आता मेजावरचे एक खेळणे होऊन बसते. गाडीला बोट लावण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी ही माणसे रात्रीच्या रात्री जागवितात.

इंजिन अडते तेव्हा बहुधा मोटार बिघडलेली नसते, की घरातील वीजही गेलेली नसते. चाक आणि रूळ यांचा स्पर्श तेवढा तुटलेला असतो.

विजेची रीत अशी, की तिला येण्याची वाट लागते आणि परत जाण्याचीही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे भारतातील पहिली विजेची गाडी निघाली. ती डोक्यावरील तारेतून १५०० व्होल्ट दाबाची वीज घेत होती, आणि मोटारीतून गेलेली ती वीज चाकांवाटे रुळांत उतरून परत जात होती. मेजावरच्या गाडीला बहुधा अशी तार नसते. असलीच तर पुष्कळदा नुसती शोभेची. तेव्हा एका रुळाने वीज आणावयाची आणि दुसऱ्याने ती न्यावयाची, एवढाच मार्ग उरतो. दाब अवघा १२ व्होल्टांचा. दोन रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर; म्हणजे करंगळीच्या रुंदीहून फारसे अधिक नाही.

मग एक नवीच अडचण उभी राहते. खऱ्या गाडीची दोन चाके आणि त्यांना जोडणारी आस ही सारी पोलादाची असतात. तशीच जोडी या रुळांवर ठेवली, तर वीज मोटारीकडे न वळता आसेतूनच पलीकडच्या रुळावर निघून जाईल! म्हणून निदान एका बाजूचे चाक आसेपासून विजेच्या दृष्टीने तोडावे लागते. मध्ये प्लास्टिकसारखा विजेला अडविणारा पदार्थ घालावा लागतो.

लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ साली 'हॉर्नबी डब्लो' नावाच्या गाड्या काढल्या, तेव्हा तिने ही अडचण दुसऱ्या रीतीने टाळली होती. दोन रुळांच्या मधोमध तिसरा रूळ घालून वीज त्याच्यातून आणली, आणि बाहेरच्या दोन्ही रुळांनी ती परत नेली. गाडी छान चाले. परंतु असा तिसरा रूळ कोणत्या स्थानकात दिसतो? ते खोटेपण चोखंदळांना सलू लागले. १९५९ मध्ये त्याच कंपनीने दोन रुळांची पद्धत आणली. ज्यांच्या घरी जुनी इंजिने होती, त्या मुलांच्या वाट्याला मात्र निराशा आली. जुने इंजिन नव्या रुळांवर ठेवावे, तर त्याची धातूची चाके दोन्ही रूळ एकत्र जोडून टाकीत. जर्मनीतील मेर्क्लिनने दुसरा तोडगा काढला. मधल्या रुळाऐवजी तिने बारीक टाचण्यांची ओळ ठेवली आणि इंजिनाच्या पोटाखाली लांब पट्टी बसविली. ती पट्टी टाचण्यांवरून सरकत वीज घेते. आजही तिची ही पद्धत चालू आहे.

दोन रुळांच्या इंजिनात सारी मदार असते ती चाकांच्या मागे दडलेल्या पितळी रंगाच्या पट्ट्यांवर. फॉस्फर-ब्राँझची ही पट्टी गवताच्या पात्यासारखी अरुंद आणि लवचीक असते. चाकाच्या पाठीला ती सतत घासत राहते आणि रुळावरून चाकात आलेली वीज तारेवाटे मोटारीला पोचविते. तिचा दाब किती असावा? अधिक झाला तर तीच चाकाचा ब्रेक बनते. उणा पडला तर स्पर्श सुटतो. हे मोजण्याचे माप बाजारात मिळत नाही. चिमट्याने पट्टी किंचित वाकवावी, चाक फिरवून पाहावे, पुन्हा वाकवावी.

खऱ्या इंजिनाचे शंभराहून अधिक टनांचे ओझे चाकाला रुळावर घट्ट दाबून धरते. छोट्या इंजिनांपैकी कित्येकांचे वजन पाव किलोही भरत नाही. त्यांना धुळीचा कणही पुरेसा होतो. त्यात वाट फुटते तेथील सांध्याची भर! सांध्यात दोन वेगळ्या रुळांच्या वाटा एकमेकींना छेदतात, म्हणून तेवढा तुकडा पुष्कळदा प्लास्टिकचा, म्हणजे विजेविना, असतो. लांब इंजिन तो सहज ओलांडते. यार्डातले चार चाकांचे आखूड इंजिन नेमके तेथेच थबकते.

उपाय उघड आहे: अधिक चाकांनी वीज घ्यावी. वाफेच्या इंजिनाच्या नमुन्यामागे कोळसापाण्याचे टेंडर असतेच. त्याच्या चाकांना पट्ट्या लावाव्यात आणि तारा डाख देऊन इंजिनाला जोडाव्यात. परंतु तार ताठ असली, तर वळणावर ती टेंडरलाच उचलते आणि गाडी रुळावरून घसरते. म्हणून तार केसासारखी मऊ हवी आणि तिला थोडी ढील हवी. उपायही किती जपून करावा लागतो! काही इंजिनांच्या चाकांना चढ चढण्यासाठी रबरी कडी घालतात. त्याने ओढ वाढते, पण ते चाक विजेला मुकते.

अलीकडे इंजिनाच्या पोटात एक लहानसे धारित्र बसविण्याची सोय झाली आहे. त्यात थोडी वीज साठून राहते. रुळांवर कागदाचा तुकडा ठेवावा, तर असे इंजिन त्याच्यावरूनही डौलाने निघून जाते, आणि पाहणारी मुले टाळ्या पिटतात. मात्र कागद लांब असला, की साठा संपतो आणि इंजिन उभे राहते. धारित्र भरावयाचे तेही त्याच पट्ट्यांमधून आलेल्या विजेने. त्यामुळे चिमटा, डाख आणि रूळ पुसण्याचे फडके ही मेजाखालच्या खणात अजून आपली जागा राखून आहेत.