बावीस अक्षरांची सत्ता

एखाद्या पेशीला ‘थांब, तू अजून काहीच व्हायचं नाहीस’ असं कोण सांगतं? या प्रश्नाचं उत्तर कळल्यापासून मी वास्कोत भेटेल त्याला ते सांगत सुटले आहे. आता तुमची पाळी!

गर्भधारणेनंतर पाच-सहा दिवसांच्या भ्रूणात आतल्या बाजूला पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्यातल्या पेशींपासून हृदय, मेंदू, हाडं, कातडी, सगळं घडतं. पण त्या वेळी त्यांतली एकही पेशी यांपैकी काहीच झालेली नसते. उंदराच्या अशा पेशी १९८१ साली मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे गेल मार्टिन यांनी, प्रयोगशाळेत वाढवल्या. माणसाच्या पेशी जेम्स थॉमसन यांनी १९९८ साली वाढवल्या. याच त्या भ्रूणीय मूलपेशी. आणि त्या नुसत्या वाट बघत बसलेल्या नसतात! त्यांचं ‘काहीच न होणं’ क्षणोक्षणी राखलं जातं. ते राखणाऱ्यांत आहे प्रथिनाची कृती न वाहणारा आरएनए.

शाळेत आपण शिकतो: डीएनएतली कृती आरएनए उतरवून घेतो आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. पण माणसाच्या डीएनएचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांच्या कृतींचा आहे. उरलेल्यातल्या बऱ्याच भागाचाही आरएनए बनतो. ‘मग तो करतो काय?’ मी भाचीला विचारलं. ती आमच्या मुरगाव तालुक्यातच, जुवारीनगरच्या बिट्स पिलानीत जीवशास्त्र शिकते. ती म्हणाली, ‘मावशी, बंदरातला पायलट आठव.’ पायलटच्या छोट्या लाँचमध्ये माल नसतो, पण पायलट चढल्याशिवाय मोठं जहाज मुरगावच्या धक्क्याला लागत नाही. मला लख्ख समजलं.

यातले सगळ्यात चिमुकले पायलट म्हणजे मायक्रोआरएनए. लांबी साधारण २२ अक्षरं! पहिला सापडला १९९३ साली, मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीत. त्या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. मायक्रोआरएनए एका प्रथिनात बसतो, जुळणारी अक्षरं असलेला संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिनाची कृती वाहणारा आरएनए, शोधतो आणि त्याचं प्रथिन बनणं रोखतो. जुळायला सात-आठ अक्षरंही पुरतात, म्हणून एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना लगाम घालू शकतो.

मूलपेशीत तर यांच्या दोन फळ्या समोरासमोर उभ्या असतात. मिर-२९० कुटुंब पेशीला मूलपेशीच ठेवतं, तर लेट-७ कुटुंब तिला पुढे ढकलतं. लेट-७ चा कच्चा आरएनए मूलपेशीतही तयार होतो, पण लिन-२८ नावाचं प्रथिन त्याला पक्व होऊ देत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेने मायक्रोआरएनए बनवूच न शकणाऱ्या मूलपेशी तयार केल्या. बदलण्याचा इशारा मिळाला तरी त्यांना आपलं मूलपेशीपण नीट सोडता येईना! मग त्यांत लेट-७ घातला, आणि ते सुटलं. साध्या मूलपेशीत घातला, तर काहीच झालं नाही, कारण तिथे मिर-२९० ची फळी हजर होती.

त्याच प्रयोगशाळेत दीपा सुब्रमण्यम यांनी याच्या उलट दिशेचं काम केलं. मिर-३०२ आणि मिर-३७२ हे माणसाच्या मूलपेशीतले मायक्रोआरएनए ठरावीक प्रथिनांच्या जोडीला दिले, तर कातडीच्या पेशी मूलपेशीसारख्या अवस्थेकडे अधिक सहज परततात, हे त्यांच्या २०११ च्या शोधनिबंधाने दाखवलं. पुढे त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली ती पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात. तिथे भ्रूणीय मूलपेशींवर काम झालं. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच. पुणे म्हणजे आपल्या वास्कोहून सुटणाऱ्या गाडीच्या वाटेवरचं गाव!

आणि सगळे पायलट चिमुकले नसतात. ‘एक्सिस्ट’ नावाचा आरएनए हजारो अक्षरांचा आहे. मादी उंदराच्या मूलपेशीत दोन्ही एक्स गुणसूत्रं जागी असतात. पेशी बदलू लागली की एका एक्सवरून एक्सिस्ट बनतो, त्याच गुणसूत्रावर पसरतो, प्रथिनांना बोलावतो आणि जवळजवळ अख्खं गुणसूत्र गप्प करतो. कुठल्या पेशीत कुठलं एक्स गप्प होईल, हे त्या पेशीपुरतं ठरतं. मासळी बाजारातल्या तिरंगी मांजरीकडे बघा: केशरी ठिपक्यात एक एक्स बोलतं, काळ्यात दुसरं. म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. आणि प्रत्येक बाईच्या अंगात हेच घडलेलं असतं, माझ्याही!

२०११ साली मिचेल गटमन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मूलपेशीतले असे लांब आरएनए एकेक करून दाबून पाहिले. बहुतेकांमुळे इतर जनुकांचं काम बदललं, आणि सव्वीस तर मूलपेशीपण टिकवायलाच हवे होते. तरी हजारोंचं काम अजून उलगडायचं आहे. वास्को, सडा, कुठ्ठाळी, डिचोली, पेडणे, जिथे कुठे अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेली मुलं असतील, त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: पाठ्यपुस्तकातली डीएनए, आरएनए, प्रथिन ही ओळ पाठ करा, आणि मग शिक्षकांना विचारा, ‘प्रथिन न बनवणारा आरएनए काय करतो?’ त्यांतल्या एखाद्याचं उत्तर पहिल्यांदा तुम्हीच शोधून काढाल!